वर्ध्याच्या शेठजींनी इंग्रज पाद्र्याला जंगलाची वाट दाखवली आणि आगीवरच्या शेतीची कहाणी जगासमोर आली

उन्हाळा तोंडावर आला की विदर्भातल्या जंगलांत एकाच गोष्टीची धास्ती असते, ती म्हणजे वणवा. वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पापासून ताडोबा-मेळघाटपर्यंत वनखात्याची माणसं जाळरेषा काढायला लागतात. जाळरेषा म्हणजे काय, तर जंगलातला एक पट्टा साफ करायचा आणि त्यातला पालापाचोळा आधीच जाळून टाकायचा. उद्या खरी आग आली तर तिला पुढे सरकायला काही उरत नाही.

थोडक्यात काय, तर आगीनंच आग अडवायची.

आग जशी जाळते तशी ती राखतेही, ही अक्कल माणसाकडे वनखातं जन्माला येण्याच्या हजारो वर्षं आधीपासून आहे. जंगलात राहणारी माणसं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी आग लावायची आणि त्या राखेवर पोट भरायची. मात्र इंग्रजांच्या राज्यात हीच गोष्ट गुन्हा ठरली. ज्या मध्य प्रांतात तेव्हा वर्धा जिल्हा होता, त्याच प्रांतात एका अख्ख्या जमातीची शेती कायद्यानं बंद करण्यात आली.

त्या जमातीची बाजू मांडली ती एका इंग्रज माणसानं. नाव व्हेरियर एल्विन. आणि या माणसाला जंगलाची वाट दाखवली ती वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांनी.

ऑक्सफर्डचा हुशार पोरगा पुण्यात येतो

व्हेरियर एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ चा, इंग्लंडमधल्या डोव्हरचा. वडील चर्चमध्ये मोठ्या पदावर, आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे बिशप. व्हेरियर लहान असतानाच वडील गेले. आई कट्टर धार्मिक. पोरानंही धर्माचीच सेवा करावी हे घरात जवळपास ठरलेलंच होतं.

ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात त्यांनी इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र अशा दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळवला. चर्चमध्ये दीक्षा झाली. तिथंच राहिले असते तर वडिलांसारखेच बिशप झाले असते, असं म्हणायला हरकत नाही.

पण १९२७ साली ते भारतात आले ते थेट पुण्यात. पुण्यात तेव्हा ख्रिस्त सेवा संघ नावाचा एक वेगळाच आश्रम होता. इथले ख्रिस्ती लोक खादी घालायचे, जमिनीवर बसून जेवायचे आणि भारतीय पद्धतीनं साधना करायचे. एल्विन या वातावरणात रमले.

१९२८ च्या सुरुवातीला ते साबरमतीला गेले, गांधीजींना भेटले आणि त्यांचं पुढचं आयुष्यच बदललं. साम्राज्याच्या बाजूनं उभं राहण्याऐवजी हा इंग्रज तरुण काँग्रेसच्या बाजूनं लिहू-बोलू लागला. साहजिकच सरकारची नजर वाकडी झाली आणि चर्चही नाराज झालं.

वर्ध्याचा सल्ला

एल्विन यांना गरिबांमध्ये जाऊन राहायचं होतं. त्यांच्यासोबत शामराव हिवाळे नावाचा मराठी ख्रिस्ती तरुण होता. पुढची सगळी वर्षं हे दोघं जिवाला जीव देऊन एकमेकांसोबत राहिले. पण जायचं कुठं, हा प्रश्न होता. त्या काळात समाजसेवा करायची म्हणजे अस्पृश्यांच्या वस्तीत जायचं किंवा खादीचं काम करायचं, असे दोन-तीनच रस्ते डोळ्यांसमोर असायचे.

इथं जमनालाल बजाज यांची एन्ट्री होते. बजाज म्हणजे वर्ध्याचे मोठे व्यापारी आणि काँग्रेसचे खजिनदार. १९२८ साली त्यांनी वर्ध्यातलं आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं होतं. पुढे १९३४ साली गांधीजी वर्ध्याला राहायला आले ते बजाज यांच्यामुळेच, आणि मग सेवाग्राम उभं राहिलं.

मध्य प्रांताची नाडी बजाज यांना चांगली ठाऊक होती. या प्रांतात गोंडांची आणि इतर आदिवासींची संख्या मोठी होती. त्यांच्या जंगलाच्या तक्रारी नव्या नव्हत्या. १९३० सालीच शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसदजवळ, लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह केला होता. सत्याग्रहात गर्दी झाली, पण आदिवासींमध्ये कायमचं जाऊन राहणारं कुणी नव्हतं.

बजाज यांनी एल्विन यांना सुचवलं की गोंडांमध्ये जा.

हा एक सल्ला होता. त्यानं एल्विन यांचं आयुष्य पुण्या-मुंबईकडून उचलून थेट सातपुड्याच्या पूर्व टोकाला, मैकल डोंगररांगेत नेऊन ठेवलं. जानेवारी १९३२ च्या शेवटी एल्विन आणि हिवाळे मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी पोहोचले. वर्धा जिल्ह्यात कारंजा आहे, ते हे नव्हे. हे करंजिया नर्मदेच्या उगमाजवळ, अमरकंटकच्या वाटेवर येतं. तिथं त्यांनी शाळा काढली, दवाखाना काढला, कुष्ठरोग्यांसाठी घर बांधलं आणि गोंड सेवा मंडळ सुरू केलं.

गेले होते गोंडांची सेवा करायला. पण त्याच डोंगरांत त्यांना दुसरी एक जमात भेटली. ती होती बैगा.

नांगर नाही, बैल नाही, तरी शेती

बैगांची शेती बघून कुणीही शेतकरी चक्रावून जाईल. नांगर नाही, बैल नाही, औत नाही. हत्यार म्हणाल तर एक कुऱ्हाड आणि सोबत आग. या शेतीला ते बेवर म्हणायचे.

बेवर करायची कशी?

आधी डोंगरउतारावरचा जंगलाचा एक तुकडा निवडायचा. त्यातली झाडं-झुडपं तोडायची, पण मुळासकट उपटायची नाहीत. बुंधे जमिनीत तसेच ठेवायचे. तोडलेलं लाकूड आणि फांद्या त्या तुकड्यावर सारख्या पसरायच्या आणि उन्हात खडखडीत वाळू द्यायच्या. मग पावसाळ्याच्या आधी, ऐन उन्हाळ्यात, त्याला आग द्यायची. सगळं जळून जमिनीवर राखेचा थर बसतो. पहिला पाऊस आला की त्या राखेत कोदो, कुटकीसारखी भरड धान्यं आणि सोबत कडधान्यं, भाज्या यांचं बी टाकायचं.

दोन-तीन वर्षं त्या तुकड्यावर पीक घ्यायचं. राखेचा कस संपला, तण वाढलं की तुकडा सोडून द्यायचा आणि पुढच्या तुकड्याकडे जायचं. जुन्या तुकड्यावर राखलेल्या बुंध्यांना फुटवे येतात, दहा-बारा वर्षांत किंवा त्याहून जास्त काळात जंगल परत उभं राहतं. मग पुन्हा कधीतरी त्याच जागेची पाळी येते.

आता यात आग नेमकं काय काम करते ते बघा. झाडांनी वर्षानुवर्षं साठवलेले पोटॅश, फॉस्फरस, चुना असे घटक राखेच्या रूपानं एकदम जमिनीला मिळतात. जमिनीचा आंबटपणा कमी होतो. वरच्या थरातलं तणाचं बी आणि किडे जळून जातात. नांगरट नसल्यामुळे उतारावरची माती मुळांनी धरून ठेवलेली राहते. म्हणजे खत, तणनाशक आणि मशागत अशी तिन्ही कामं एका आगीत होतात.

बैगांसाठी मात्र हे फक्त शेतीचं तंत्र नव्हतं. धरती ही आई आहे आणि नांगरानं तिची छाती फाडायची नाही, असं ते मानत. एल्विन यांनी त्यांच्या ज्या कथा गोळा केल्या, त्यात बैगांचा आदिपुरुष नंगा बैगा याला खुद्द देवानंच कुऱ्हाड दिली आणि जंगलाच्या आधारानं जगायला सांगितलं. म्हणजे बेवर सोडणं हे त्यांच्या दृष्टीनं धंदा बदलण्यासारखं नव्हतं, ते धर्म सोडण्यासारखं होतं.

ही युक्ती फक्त बैगांची नव्हती

आग वापरून जमीन घडवणं हे जगभरच्या माणसांनी केलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या आगीच्या खुणा मिळाल्या आहेत. ऑस्ट्रेलियातले मूळनिवासी गवताळ प्रदेशात तुकड्या-तुकड्यानं आगी लावायचे. त्यामुळे नवं कोवळं गवत यायचं, त्यावर कांगारू यायचे आणि शिकार सोपी व्हायची. १९६९ साली ऱ्हीस जोन्स या पुरातत्त्व अभ्यासकानं या पद्धतीला फायर स्टिक फार्मिंग असं नाव दिलं. शेतकरी नांगरानं जमीन घडवतो, तसे हे लोक जळत्या काठीनं घडवतात, असा त्याचा मुद्दा होता.

आपल्याकडे महाभारतात खांडववन जाळल्याची कथा आहे. वन जळालं आणि त्या भागात पांडवांचं इंद्रप्रस्थ उभं राहिलं. जंगल जाळून वस्ती वसवण्याची ओळख आपल्या कथांनाही आहे.

महाराष्ट्रातच बघायचं तर कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात राब भाजतात. भाताचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या, पाला, गवत, शेण पसरायचं आणि पावसाआधी जाळायचं. रोप जोमानं येतं. हा बेवरचाच लांबचा भाऊ. फरक इतकाच की राबात जंगलातल्या फांद्या शेतात येतात आणि बेवरात शेतच जंगलात जातं. पूर्वी सह्याद्रीत डोंगरउतारावर कुमरी नावाची फिरती शेतीही होत असे. ईशान्य भारतात तिला झूम म्हणतात.

शेतीशिवायही आगीचे उपयोग होते. मोहाची फुलं वेचायची तर झाडाखालचा पाला जाळून जागा स्वच्छ करायची. तेंदूच्या झुडपांना कोवळा पाला यावा म्हणून आग द्यायची. हरणं यावीत म्हणून जुनं गवत जाळायचं. विदर्भातल्या जंगलात आजही लागणाऱ्या बऱ्याच आगींचा माग मोहफूल आणि तेंदूपत्त्यापर्यंत जातो.

म्हणजे आपण ज्याला आदिम, अनाघ्रात जंगल समजतो, त्यातलं पुष्कळसं जंगल माणसाच्या हातानं आणि आगीनं घडलेलं असू शकतं.

मग आग गुन्हा कशी झाली?

१८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत तयार केला, राजधानी नागपूर. १८६२ साली वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. विदर्भाचा कापूस आता थेट मुंबई बंदरात जाऊ लागला.

रेल्वे म्हटलं की रूळ आणि रूळ म्हटलं की त्याखाली लाकडी स्लीपर. साल आणि सागवान ही त्यासाठीची पक्की झाडं. मैकल डोंगरांत सालाची जंगलं होती. एक साल पूर्ण वाढायला शंभर वर्षांच्या आसपास काळ जातो आणि बैगा एका हंगामात असा अख्खा तुकडा तोडून जाळतो, हे पाहून इंग्रज अधिकाऱ्यांच्या पोटात गोळा यायचा. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचं सातपुड्यावरचं पुस्तक १८७१ मध्ये आलं, त्यात या शेतीमुळे होणाऱ्या झाडांच्या नासाडीबद्दलची हळहळ आहे. त्यांची काळजी अगदीच खोटी होती असं नाही. पण रेल्वेसाठी ठेकेदारांनी केलेली तोड त्याच काळात जोरात चालू होती, हेही विसरता येत नाही.

सातपुड्यातलं बोरीचं जंगल १८६५ साली राखीव झालं. देशातल्या सुरुवातीच्या राखीव जंगलांपैकी हे एक. आगीपासून जंगल पद्धतशीर राखायचा प्रयोग इथंच सुरू झाला. मग १८७८ चा वन कायदा आला आणि राखीव जंगलात आग लावणं सरळ गुन्हा ठरलं. वर जंगलात काही हक्क असलेल्या गावकऱ्यांवर आग विझवायला मदत करण्याची सक्तीही आली.

हाच वाद कोकणातही पेटला होता. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आले, शेतकऱ्यांनी आरडाओरडा केला आणि १८८० च्या दशकात सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. तिथल्या शेतकऱ्यांच्या बाजूनं बोलायला शिकलेली माणसं होती, वर्तमानपत्रं होती.

बैगांच्या बाजूनं कुणी नव्हतं.

१८६० च्या दशकापासून त्यांच्या बेवरवर एकेक बंधन येत गेलं. नांगर धरा, बैल घ्या, एका जागी राहा, असं सांगितलं गेलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांची उभी पिकं गेली, काही जण शेजारच्या संस्थानांच्या हद्दीत निघून गेले. शेवटी १८९० मध्ये सरकारनं एक तोड काढली. मंडला जिल्ह्यात २३,९२० एकरांचा एक भाग वेगळा काढून तिथं बेवरला मुभा दिली. तो भाग म्हणजे बैगा चक. आज तो मध्य प्रदेशातल्या डिंडोरी जिल्ह्यात येतो. बाकी सगळीकडे बेवर बंद.

डोंगरभर फिरणाऱ्या जमातीला साधारण साडेसदतीस चौरस मैलांत आणून बसवलं, असा त्याचा हिशेब होता. त्यातही सगळे बैगा चकात नव्हते. बाहेर राहिलेल्यांचं काय, याला उत्तर नव्हतं.

एल्विन काय लिहितात?

एल्विन करंजियात आले तेव्हा ही बंदी होऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या. बैगा मजुरी करत होते, बांबूच्या टोपल्या विणत होते, काही जण मन मारून नांगर धरत होते. पण बेवर त्यांच्या बोलण्यातून, गाण्यांतून, स्वप्नांतून गेलेलं नव्हतं. एल्विन यांनी बैगांची स्वप्नंसुद्धा नोंदवून ठेवली आहेत.

दरम्यान एल्विन यांचं स्वतःचंही बरंच काही सुटलं होतं. १९३५ च्या सुमारास त्यांनी चर्च सोडलं. गांधीजींबद्दलचं प्रेम राहिलं, पण त्यांच्या कार्यक्रमाशी जमेना. जिथं कापूस पिकत नाही त्या डोंगरात चरखा कशाला, मोहाची दारू ज्यांच्या पूजेत आणि लग्नात लागते त्यांच्यावर दारूबंदी का, असे प्रश्न त्यांना पडायला लागले. सेवा करायला आलेला पाद्री आता विद्यार्थी होऊन बैगांच्या पायाशी बसला होता.

त्यातून १९३९ साली लंडनहून त्यांचं ‘द बैगा’ हे पुस्तक आलं. ५०० पेक्षा जास्त पानांचा हा ग्रंथ. कुठल्याही विद्यापीठात मानववंशशास्त्र न शिकलेल्या माणसानं लिहिलेला. जन्म, लग्न, प्रेम, जादूटोणा, कथा असं सगळं त्यात आहे, पण पुस्तकाचा कणा आहे बेवर.

त्यांचा युक्तिवाद सरळ होता. बेवर ही आळशी माणसाची शेती नाही, तिच्यामागे अनुभव आहे, नियम आहेत आणि श्रद्धा आहे. ती बंद केल्यावर बैगांचं फक्त धान्य कमी झालं नाही, त्यांचा जगण्यातला रस गेला. देव, सण, कामाचं वेळापत्रक, स्वतःबद्दलचा अभिमान हे सगळं ज्या एका धाग्यात ओवलेलं होतं तो धागाच तोडला गेला. म्हणून बैगांसाठी एक मोठा संरक्षित प्रदेश राखावा, तिथं त्यांना त्यांच्या पद्धतीनं राहू द्यावं, बेवर करू द्यावं आणि बाहेरच्या सावकार-व्यापाऱ्यांना आत येऊ देऊ नये, अशी त्यांची मागणी होती. अशा जागेला त्यांनी नॅशनल पार्क हा शब्द वापरला.

हा शब्द त्यांना चांगलाच महागात पडला.

आगीची दुसरी बाजू: आगरिया

१९४२ साली एल्विन यांचं ‘द आगरिया’ हे पुस्तक आलं. आगरिया ही त्याच भागातली लोखंड गाळणारी जमात. मातीची छोटी भट्टी, सालाच्या लाकडाचा कोळसा, पायानं दाबायचे भाते आणि डोंगरातून आणलेले लोहखनिजाचे दगड, एवढ्यावर ते लोखंड काढायचे. लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर, म्हणजे लोखंड, कोळसा आणि आग, ही त्यांची दैवतं.

विदर्भासाठी ही गोष्ट परकी नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड इथल्या उत्खननात सुमारे २७०० वर्षांपूर्वीची लोखंड गाळायची भट्टी मिळाली आहे. दगडांची वर्तुळं उभारणाऱ्या महापाषाणकालीन लोकांची ही भट्टी. आगीनं लोखंड दिलं, लोखंडानं कुऱ्हाड दिली आणि कुऱ्हाडीनं आगीला लाकूड दिलं. या चक्रातून विदर्भातलं जंगल कमी-जास्त होत आलेलं आहे.

आगरियांचंही बैगांसारखंच झालं. भट्टीवर कर बसला, कोळशासाठी जंगल बंद झालं आणि कारखान्याचं स्वस्त लोखंड बाजारात आलं. भट्ट्या एकेक करून थंड पडल्या.

मालवणचे प्राध्यापक विरुद्ध ऑक्सफर्डचा एल्विन

एल्विन यांच्या मागणीवर टीका झाली आणि ती करणारी माणसं साधी नव्हती.

ठक्कर बाप्पा हे आयुष्यभर आदिवासींमध्ये काम केलेले. त्यांचं म्हणणं असं की आदिवासींना वेगळं ठेवून त्यांचं भलं होणार नाही, त्यांना देशाच्या बरोबरीनं पुढे यावं लागेल. दुसरे होते मूळ मालवणचे, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. १९४३ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं त्यांचं आदिवासींच्या भवितव्यावरचं पुस्तक छापलं. आदिवासी हे मागे राहिलेले हिंदूच आहेत आणि त्यांना समाजापासून तोडून ठेवणं चूक आहे, अशी घुर्ये यांची मांडणी होती. एल्विन यांच्या विचारांवर त्यांनी सडकून टीका केली.

माणसांना प्राणीसंग्रहालयात ठेवणारा इंग्रज, अशी एल्विन यांची प्रतिमा झाली ती याच काळात.

या टीकेत तथ्य होतं का? काही प्रमाणात होतं. कुणाला किती काळ वेगळं ठेवायचं आणि हे ठरवणार कोण, याचं समाधानकारक उत्तर एल्विन यांच्याकडे नव्हतं. पण घुर्ये आणि ठक्कर बाप्पा यांच्या उत्तरातही एक जागा रिकामी होती. आदिवासी मुख्य प्रवाहात आले तरी त्यांचं गेलेलं जंगल परत कसं मिळणार, हा तो प्रश्न.

एल्विन यांच्या खासगी आयुष्यातही सगळं आलबेल नव्हतं. १९४० साली त्यांनी आपल्याच शाळेत शिकलेल्या, वयानं बऱ्याच लहान गोंड मुलीशी लग्न केलं. १९४९ मध्ये ते मोडलं. एल्विन पुढे नावारूपाला आले, त्या बाईंच्या वाट्याला मात्र हलाखी आली. आदिवासींची बाजू मांडणाऱ्या माणसाच्या चरित्रातलं हे पान आजही बोचतं.

स्वतंत्र भारतात

स्वातंत्र्यानंतर एल्विन इंग्लंडला परत गेले नाहीत. १९५४ साली ते भारताचे नागरिक झाले. त्याच वर्षी पंडित नेहरूंच्या सरकारनं त्यांना ईशान्य सीमा प्रदेशाचे, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाचे, आदिवासीविषयक सल्लागार नेमलं. मुक्काम शिलाँग.

तिथंही त्यांच्यासमोर तोच प्रश्न होता. डोंगरच्या डोंगर झूमसाठी जाळले जात होते. पण या वेळी एल्विन टीकाकार म्हणून बाहेर उभे नव्हते, सरकारच्या आत बसले होते. १९५७ साली आलेल्या ‘अ फिलॉसॉफी फॉर नेफा’ या पुस्तकात त्यांनी मधला रस्ता धरला. झूम एका हुकमानं बंद करता येत नाही. जिथं पाणी आहे तिथं पायऱ्यांची शेती शिकवा, जिथं नाही तिथं झूम राहू द्या, पण ती शिस्तीत होईल आणि जमिनीला विश्रांतीची पुरेशी वर्षं मिळतील असं बघा. मध्य प्रांतात जे घडलं ते इथं घडू नये, हा त्यामागचा धडा होता.

१९६१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्यांच्या अस्थी अरुणाचलच्या सियांग नदीत सोडण्यात आल्या. त्यांच्या आत्मचरित्राला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जमनालाल बजाज यांचं निधन त्याआधीच, फेब्रुवारी १९४२ मध्ये वर्ध्यात झालं होतं.

मग आग चांगली की वाईट?

गंमत म्हणजे इंग्रज वनाधिकाऱ्यांनाही आगीबद्दलचं आपलं मत बदलावं लागलं. बंगाल आणि आसामकडच्या ओलसर सालवनांत आग पूर्ण थांबवल्यावर खाली झुडपांची दाट गर्दी झाली आणि सालाची नवी रोपं उगवेनाशी झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तिथल्या वनाधिकाऱ्यांनी ठरवून, नियंत्रित आग परत वापरायला सुरुवात केली.

अलीकडचं उदाहरण कर्नाटकातलं आहे. बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा आदिवासी उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाचोळ्याला हलकी आग द्यायचे. १९७४ मध्ये तिथं अभयारण्य झालं आणि या आगी बंद झाल्या. पुढे तिथं घाणेरीनं, म्हणजे लँटानानं, जंगल व्यापलं. आग बंद होण्याचा यात हात आहे, असं सोलिगा सांगतात आणि संशोधकांनीही त्यांचं हे म्हणणं अभ्यासलं आहे.

याचा अर्थ असा नाही की उठावं आणि जंगलाला काडी लावावी. बेवर टिकून होती ती तीन गोष्टींच्या जोरावर. माणसं कमी होती, जंगल मोठं होतं आणि सोडलेल्या तुकड्याला परत उभं राहायला वेळ मिळत होता. लोकसंख्या वाढली, जंगल आक्रसलं, बारा वर्षांची विश्रांती चार वर्षांवर आली की तीच आग जमीन नागडी करते. आजच्या सुकलेल्या, तुटक जंगलात बेवारस लागलेली आग पक्ष्यांची घरटी, रोपटी आणि गवत सगळं घेऊन जाते. मे महिन्यातला वणवा आणि पाचोळा ओलसर असताना लावलेली हलकी आग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक जंगलात राहणाऱ्यांना कळत होता, कायद्यानं मात्र दोन्हींना एकच कलम लावलं.

१९२७ चा भारतीय वन कायदा आजही लागू आहे आणि राखीव जंगलात आग लावणं आजही गुन्हाच आहे. दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं देशाच्या संसदेनं मान्य केलं. या कायद्याखाली डिंडोरीतल्या बैगा चकातल्या काही गावांना त्यांच्या अधिवासाचे हक्क मिळाले. १८९० मध्ये सरकारनं आखून दिलेल्या त्याच जमिनीवर आता बैगांचा हक्क कागदावर आला आहे.

ते हक्क नेमके कशावर सांगायचे, कुठला डोंगर कुणाचा, कुठल्या तुकड्यावर कधी बेवर झालं, हे सगळं बैगांनी पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवलं होतं. ते पहिल्यांदा सविस्तर कागदावर आणणाऱ्यांमध्ये एल्विन यांचं नाव वरचं आहे. पाद्री म्हणून त्यांनी त्या डोंगरांत कुणाचा धर्म बदलला नाही. उलट नांगर न धरणाऱ्यांचा धर्म काय असतो, हे त्यांनी नांगर धरणाऱ्यांना सांगितलं.